टाचणीवरची चिठ्ठी

काका पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा हात धुऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाचा डबा कुठं आहे असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, वयस्कर माणूस, काही पथ्य असेल, भात जरा मऊ लागत असेल. मी डबा पुढे केला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, मूठभर तांदूळ ताटलीत पसरले आणि खिडकीशी उभे राहून दाणा दाणा बाजूला सारायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "एक आहे. पण मेलेला. प्रवासात गेला बिचारा." तो पोरकिडा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधला, पुडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि मग जेवायला बसले. नवऱ्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते. तो ताटलीतला तांदूळ त्यानं नंतर फेकून दिला आणि पुढे आठवडाभर आमच्याकडे पोळ्याच होत्या.

त्यांना मी काका म्हणत असे. ज्या संग्रहालयात आमची ओळख झाली तिथले डच लोक नुसतं 'मेनेर' म्हणत, म्हणजे साहेब. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ते जिथं असायला हवं तिथं छापलेलं आहे.

काका मूळचे मिरजेकडचे. शेतकी शिकून तरुणपणी हॉलंडला आले आणि एका खासगी कंपनीत लागले. काम असं की रॉटरडॅम बंदरात धान्याची जहाजं आली की पोत्यांतून मूठ मूठ धान्य काढायचं, आत कीड आहे का बघायचं आणि असली तर कुठली आहे ते ओळखून सांगायचं. त्यावर कुठला धूर किती वेळ कोंडायचा ते ठरे. कीड म्हणजे बहुतेक वेळा सोंडकिडे. हे तीळभर आकाराचे भुंगेरे असतात आणि त्यांचं तोंड पुढे सोंडेसारखं लांब झालेलं असतं. आपला तांदळातला पोरकिडा त्यांच्यातलाच. तीस वर्षं काकांनी हे काम केलं. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात ते संग्रहालयाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले की मला पगार नको, एक टेबल आणि सूक्ष्मदर्शक द्या. मी एकदा विचारलं, का हो काका, तीस वर्षांत कंटाळा नाही आला किड्यांचा? ते म्हणाले, "इतकी वर्षं ओळखून ओळखून मारले गं. आता एखाद्याला ओळखून नुसतं ठेवावं म्हटलं."

माझं तिथं जाणं कसं झालं तेही सांगते. नवऱ्याच्या नोकरीमागे मी पुण्याहून आले होते. माझं काम डेटाबेसचं, पण डच येत नाही म्हणून मुलाखती पहिल्या फेरीतच संपत. घरी बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा या संग्रहालयात स्वयंसेवक हवेत असं कळलं आणि मी मंगळवारी आणि गुरुवारी जायला लागले. तिथल्या कीटकसंग्रहाची व्यवस्था मारायके नावाची एक उंच, शांत बाई बघायची. तिनं मला एक भलीमोठी यादी दिली. किडा टोचलेली कुठली टाचणी कुठल्या पेटीत आहे याची ती यादी होती. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या स्वयंसेवकांनी ती टाइप केली होती आणि काही पेट्या दोन-दोनदा टाइप झाल्या होत्या. "ही जरा साफ करशील?" मारायकेनं विचारलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वर्षभरात पहिल्यांदा कुणी मला माझं काम सांगत होतं.

या यादीकडे मला पुन्हा यायचं आहे. आधी काकांचं थोडं सांगते.

उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. जेवणाचा डबा स्टीलचा, त्यात रोज मेतकूट-भात आणि गुरुवारी थालीपीठ. बोलताना आगगाडी, टपाल, तबक असे शब्द. इंग्रजी उत्तम यायचं, डच तर मुरलेलं, पण मराठी बोलताना यातलं एक अक्षर मिसळायचे नाहीत. मी "काका, फाइल सेव्ह झाली नाही" म्हटलं की ते म्हणायचे, "म्हणजे कागद राहिला नाही. असं बोल, म्हणजे वाईट तरी वाटेल."

मराठी मंडळाच्या दिवाळीला ते यायचे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून लोक बघायचे. किडा ओळखायला जसा तक्ता असतो, एका प्रश्नाचं उत्तर दिलं की पुढच्या प्रश्नाकडे जायचं, तसा त्यांनी इथल्या मराठी माणसांसाठी केला होता. एका वहीत लिहून ठेवला होता आणि मागितला की वाचून दाखवायचे. "एक. सायकलला दोन कुलपं: दोनकडे जा. एकच कुलूप: नुकताच आलेला. दोन. थंडीत घरात स्वेटर घालतो: तीनकडे जा. घरभर हीटर लावतो: बिल कंपनी भरते. तीन. मुलं मराठीत उत्तर देतात: अजून दोन वर्षं व्हायची आहेत. मुलं डचमध्ये उत्तर देतात: हा परत जाणार नाही, पण जाणार जाणार म्हणतो." लोक हसायचे. माझी लेक तेव्हा शेजारी उभी राहून मला डचमध्ये पाणी मागत होती, त्यामुळे मी जरा कमी हसले. तुम्ही कुठल्या रकान्यात, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "मी तक्त्यात बसत नाही. मुलंच नाहीत, तिसऱ्या प्रश्नापाशी अडकतो."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलला त्यांचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. तिथं ओट्यावर दोन कप उपडे असायचे. मी गेले की काका त्यातला एक मला द्यायचे आणि स्वतःसाठी कपाटातून तिसरा काढायचे. त्या दुसऱ्या कपातून ते स्वतः कधी प्यायले नाहीत. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा राग ओढवून घेतला होता. टाचणीवर टोचलेला किडा आपण चित्रात बघतो, पण टाचणीवर नुसता किडा नसतो. त्याच्याखाली बारीक चिठ्ठ्या ओवलेल्या असतात. पहिली चिठ्ठी कुठं, कधी, कुणी पकडला याची. त्याच्याखाली कुणीतरी कधीतरी हा अमुक किडा आहे असं ठरवून लावलेली. त्याच्याखाली आणखी कुणी, नाही, हा तमुक आहे म्हणून लावलेली. एका टाचणीवरची चिठ्ठी उघड उघड चुकलेली होती, मारायकेनंच सांगितलं होतं. मी ती काढून टाकली आणि संगणकावर छापलेली स्वच्छ चिठ्ठी लावली. काकांनी बघितलं. चारच्या सुमारास कचऱ्याची टोपली माझ्यासमोर ठेवली आणि हातात चिमटा दिला. केळ्याच्या साली आणि चहाच्या पिशव्यांतून ती नखाएवढी चिठ्ठी शोधायला आम्हाला पाऊण तास लागला.

"चिठ्ठी काढायची नसते," ते म्हणाले. "चुकलेली असली तरी."

"पण काका, चूक ठेवून काय करायचं?"

"ज्यानं लावली त्यानं भिंगातून डोळे फोडून लावली होती. तो चुकला हेसुद्धा कुणाला तरी कळायला हवं. तुला पटत नसेल तर खाली तुझी चिठ्ठी लाव. मी असं मानते म्हणून लिही. खाली नाव घाल, साल घाल. संपलं." मग त्यांनी ती डाग पडलेली चिठ्ठी टिपकागदावर वाळवली आणि परत टाचणीत ओवली. त्यानंतर मी कानाला खडा लावला.

त्यांचं अक्षर म्हणजे चमत्कार होता. तांदळाच्या दाण्यावर गणपती काढणाऱ्यांचं आपण कौतुक करतो, काका तेवढ्या जागेत गाव, डोंगर, उंची आणि तारीख लिहायचे, आणि तेही भिंगाशिवाय.

ज्या किड्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे तो जावा बेटावरचा. खूप वर्षांपूर्वी तिथल्या एका डच मळेवाल्यानं एका डोंगरावर एका दिवसात पालापाचोळा चाळून शेकडो किडे गोळा केले होते. ते सगळे संग्रहालयात येऊन पडले आणि बहुतेकांकडे कुणी पाहिलंच नाही. त्यात काकांना तीन सोंडकिडे सापडले. तीन मिलिमीटरचे, काळे, पंख जुळून गेलेले, म्हणजे उडता न येणारे. तिन्ही माद्या. काकांनी सगळी पुस्तकं पालथी घातली, पण ते कुठंच बसेनात. जातीच्या वरची पायरी म्हणजे जीनस, जिच्यात सारख्या जाती एकत्र बसतात. पुस्तकात तिला काय म्हणतात ते असो, काका गोत्र म्हणायचे. हे किडे नव्या जातीचे तर होतेच, पण त्यांना बसवायला गोत्रसुद्धा नव्हतं.

असे सोंडकिडे घाबरले की सोंड दुमडून छातीखालच्या एका खाचेत ठेवतात, आपण चाकू म्यानात ठेवतो तशी. या किड्याची खाच फार लांब होती. सोंड तिच्यात ठेवली तरी निम्मी खाच रिकामी राही. "एवढी जागा कुणासाठी ठेवलीय यानं?" काका पुन्हा पुन्हा म्हणायचे.

त्याच सुमाराला आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर सांगत होते आणि त्यांनी गोत्र विचारलं. नवऱ्याला आठवेना. सासूबाईंना फोन लावायचा तर तिकडे झोपायची वेळ झालेली. काका सोफ्यावरून म्हणाले, "काश्यप सांग. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही त्यानं काश्यप सांगायचं. शास्त्रात सोय आहे." पूजा पार पडली. पुढच्या मंगळवारी बघते तर त्या तीन किड्यांच्या तबकावर काकांनी देवनागरीत चिठ्ठी लावलेली, 'काश्यप'. मारायकेनं मला हळूच विचारलं, हे काय लिहिलंय, गावाचं नाव का? मी समजावून सांगितलं. ती जरा विचार करून म्हणाली, मग या इमारतीतली निम्मी माणसं काश्यपच म्हणायची.

गोत्र नवं म्हणून जाहीर करायचं तर नर हवा होता. सोंडकिड्यांच्या नराच्या पोटात अर्ध्या मिलिमीटरचा एक बाकदार आकडा असतो आणि कुणाचं कुणाशी नातं हे बहुतेक वेळा त्यावरून ठरतं. माद्यांवरून लिहून टाका, असं मारायके म्हणाली होती, तसं पुष्कळ लोक करतात. काका ऐकेनात. "एका बाजूचं ऐकून निकाल देऊ? मी काही गावचा पाटील नाही."

आणि वेळ कमी होता. काकांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडत चालला होता. हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर, त्यानं तज्ज्ञाकडे पाठवलं. तज्ज्ञ म्हणाला, वाढणार, आणि हळूहळू समोरचं दिसेनासं होणार. कडेकडेचं दिसत राहील. मला सांगताना काका म्हणाले, "म्हणजे तू दिसशील, पण तुझं तोंड दिसणार नाही. तसं काही फार बिघडत नाही." मी हसले आणि घरी जाऊन रडले. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट करून जायची होती, ती फक्त मधोमध बघून होणारी होती.

त्यांनी मला विचारलं तो दिवस लख्ख आठवतो. बाहेर गारा पडत होत्या. माझ्या टेबलाशी येऊन ते म्हणाले, "तुझ्या त्या यंत्राला विचार. तो मळेवाला, तो डोंगर, तो दिवस. त्यातले सोंडकिडे आणखी कुठल्या पेटीत आहेत का?"

मी शोधलं. एका सेकंदात उत्तर आलं. तीन ओळी, तीन माद्या.

"अजून काही नाही?"

"नाही काका. मी स्वतः क्लीन केलाय डेटा. असता तर आला असता."

"नक्की?"

"हंड्रेड पर्सेंट."

ते "बरं" म्हणाले आणि जाऊन बसले. हजारो पेट्या होत्या. एरवी त्यांनी एकेक उघडून बघितली असती, तेवढी चिकाटी त्यांच्यात होती आणि तेव्हा थोडेफार डोळेही होते. पण मी इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांनी तो नाद सोडला. मग ते दुसरीकडच्या संग्रहालयांना पत्रं लिहीत बसले. तुमच्याकडे या डोंगरावरचे किडे आहेत का? उत्तरं यायची, सभ्य आणि नकाराची. असं दीड वर्ष गेलं. आधी त्यांच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर मोठं झालं, मग वाकडं झालं, मग त्यांनी चिठ्ठ्या लिहिणं बंद केलं. तरी मंगळवारी यायचेच. वाटेत खाउडा स्टेशनात गाडी बदलताना फलाटाचा आकडा दिसत नाही म्हणून कुणा तरुण मुलीला विचारायचे, आणि माझ्यापाशी येऊन सांगायचे की आज एक फार छान मुलगी भेटली, तोंड सोडून सगळी दिसली.

नर मला सापडला. मी तेव्हा साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पेट्यांचे फोटो काढत होते. सोंडकिड्यांशी त्यांचा संबंध नाही असं मला तेव्हा वाटायचं. एका पेटीच्या कोपऱ्यात, कुणीतरी घाईत चुकीच्या जागी टोचलेली एक टाचणी होती. तीन मिलिमीटरचा काळा किडा, एक पाय तुटलेला. खाली तोच मळेवाला, तोच डोंगर, तोच दिवस.

मी जुनी यादी काढली, साफ करण्याआधीची, बॅकअपमध्ये पडून असलेली. त्यात ती ओळ होती. चौथी ओळ. जागा तीच, तारीख तीच, माणूस तोच, पेटीतला क्रमांकही पहिल्या मादीचाच, फक्त पेटीचा नंबर वेगळा. शेऱ्यात कुणीतरी लिहिलेलं, पाय तुटका. पेट्यांचे नंबर मध्यंतरी बदलले होते, म्हणून साफ करताना तो रकाना मी धरलाच नव्हता, शेऱ्याचाही नाही. बाकी सगळं सारखं म्हणजे तीच ओळ दोनदा, असं माझ्या प्रोग्रॅमला मी शिकवलं होतं. त्यानं ती गाळली. आपल्या धंद्यात याला चांगलं काम म्हणतात. एका डोंगरावर एका दिवशी एका माणसाला चार सारखे किडे सापडू शकतात, ते वेगळ्या पेट्यांत पडू शकतात आणि तरी ते चार वेगळे जीव असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी काकांना कापेलला जाऊन सांगितलं. नर असावा, असं मी म्हणाले. ते उठून उभे राहिले, मग बसले, मग मफलर शोधायला लागले. मफलर गळ्यातच होता.

पोट उघडायचं काम मारायकेनं केलं. शेकडो वेळा ते काम केलेले काका शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि ती मला पडद्यावर काय दिसतंय ते सांगायला लावत होती, म्हणजे मराठीत काकांना कळेल. खरं तर त्यांना डच माझ्यापेक्षा शंभर पट चांगलं यायचं. पण तिनं तसं सांगितलं आणि त्यांनीही हरकत घेतली नाही.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"गळासारखा. मासे पकडायचा असतो तसा."

"टोक एक आहे की फुटलंय?"

"फुटलंय. दोन."

"सारखी?"

"नाही. एक लांब आहे. आखूड आहे ते दुसऱ्याच्या आत वळलंय."

काकांनी दोन बोटं वाकवून एकात एक अडकवून बघितली. मग विचारलं, "आणि खाच? याची सोंड लांब आहे का?"

"नाही काका. याचीही खाच रिकामीच आहे."

"असू दे," ते म्हणाले. "असतात रिकाम्या." मग मारायकेकडे तोंड करून त्यांनी डचमध्ये सांगितलं की हे वेगळं गोत्र आहे, यात आता शंका नाही. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी तिला कुणालाही हात लावताना पाहिलं नव्हतं.

परत जाताना गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. बाहेर कालवे, मेंढ्या, ओल्या हिरव्या पट्ट्या. काका खिडकीकडे तोंड करून होते, म्हणजे त्यांना मी कडेनं दिसत असणार. ते म्हणाले, "यादीत का नव्हता गं हा?"

मी तयारी करून बसले होते. खरं सांगायचं असं सकाळी ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "आधी टाइप करताना राहिला असेल कुणाकडून तरी."

"हं," ते म्हणाले. "कुणाकडून तरी." आणि पुढे कापेल येईपर्यंत मेतकुटाबद्दल बोलत राहिले. इकडच्या डाळीचं नीट होत नाही, असं काहीतरी.

मला वाटलं, सुटले. मला असं वाटलं याची मला आजही लाज वाटते. दीड वर्ष. त्या दीड वर्षाच्या सुरुवातीला त्यांना दिसत होतं. तो आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असता, त्याचं चित्र स्वतः काढलं असतं. मी ते त्यांच्याकडून घेतलं आणि वर त्यांना खोटं सांगितलं.

त्यांनी निबंध तोंडी सांगितला, मारायकेनं लिहून घेतला. नाव काय ठेवणार असं मी विचारलं की म्हणायचे, बारशाआधी नाव विचारू नये. शेवटी एक दिवस वाकून माझ्या कानात सांगितलं. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, इथं बाळाच्या बापानं आत्याच्या कानात सांगितलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, आणि आतून तितकंच टोचलंही होतं.

निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं आणि तीन आठवड्यांनी काका गेले. सकाळी उठले, चहा ठेवला आणि खुर्चीत बसले ते बसलेच. हृदय. शेजारच्या बाईला शिट्टीची किटली वाजत राहिलेली ऐकू आली.

स्मशानात आम्ही नऊ माणसं होतो. मिरजेहून पुतण्या व्हिडिओवर होता, पण त्याचं चित्र गोठलं होतं, तोंड अर्धवट उघडं. इथले एक गुरुजी आले होते, बाकी दिवस ते बँकेत असतात. त्यांनी पोथी उघडली आणि विचारलं, "गोत्र?"

पुतण्याचं तोंड तसंच गोठलेलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "काश्यप."

बाहेर आल्यावर इथल्या रीतीप्रमाणे कॉफी आणि केकचा तुकडा होता. मी कॉफी घेतली आणि मारायकेशेजारी उभी राहिले.

निबंध उन्हाळ्यात छापून आला. त्यानंतर मारायकेनं माझ्या हातात लाल चिठ्ठी दिली. नव्या जातीच्या किड्यांपैकी एकाला ही चिठ्ठी लागते. नाव कायमचं त्या एकाच्याच अंगावर राहतं, पुढे कुणाला शंका आली तर त्याच्याशीच ताडून बघायचं. काकांनी त्यासाठी पाय तुटलेला नर निवडला होता. मी 'काश्यप' लिहिलेलं तबक काढलं, टाचणी उचलली आणि मला दिसलं की मळेवाल्याच्या चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी आहे. जाड कागदाची, चौघडी घातलेली, मोठी म्हणून दुमडून बसवलेली. निबंधातल्या फोटोत ती नव्हती, म्हणजे फोटो झाल्यानंतर कधीतरी लावलेली.

उलगडली. ठळक पेनानं, ओळी वरखाली गेलेल्या, एक अक्षर दुसऱ्यावर चढलेलं. ज्या माणसानं दाण्याएवढ्या जागेत डोंगराची उंची लिहिली त्याचं हे अक्षर होतं. मराठीत लिहिलं होतं, 'हा आधी दिसला नाही. दोष माझा. पेट्या स्वतः उघडल्या नाहीत, यादीवर विसंबलो.' खाली नाव आणि साल.

त्या इमारतीत मराठी वाचणारी मी एकटीच.

मी मारायकेकडे गेले. ती म्हणाली, हो, त्यांनी माझ्याकडून जाड पेन मागून घेतलं होतं. मग म्हणाली की नर सापडला त्याच आठवड्यात त्यांनी तिला विचारलं होतं, साफ करण्याआधीच्या यादीत हा होता का? तिनं जुनी यादी बघून हो सांगितलं. त्यात काही लपवायचं आहे हे तिला कुठं ठाऊक होतं. म्हणजे माझ्या कानात नाव सांगितलं तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. प्रत्येक मंगळवारी माझ्या कोपराला धरून ते फलाटावर चालले, मेतकुटावर बोलले, माझ्या लेकीला डचमध्ये चिडवलं, आणि शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

मी खुर्चीत बसून खूप रडले. मारायकेनं दार लोटून घेतलं.

मग मी एक चिठ्ठी कापली. माझं अक्षर काही सुरेख नाही, दोनदा कागद वाया गेला. मी लिहिलं, 'वरची चिठ्ठी चूक आहे. यादीतली ओळ मी गाळली. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं.' खाली नाव घातलं, साल घातलं. टाचणीवर आता जागा फार थोडी उरली होती, लाल चिठ्ठीही बसवायची होती. माझी पार तळाला जाऊन पेटीला टेकली.

त्यांची चिठ्ठी मी परत चौघडी घालून होती तिथंच ठेवली. काढायची नसते.